गाळातली होडी

फोन वाजला तेव्हा ती एका म्हाताऱ्या शिंप्याचे डोळे तपासत होती. चष्म्याच्या दुकानामागची ती अरुंद, अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर उजळलेला अक्षरांचा तक्ता, शिंप्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट आणि तिच्या हातात काच. आता बरं दिसतंय की मघाशी दिसत होतं, असं ती विचारत होती आणि शिंपी, सगळेच म्हणतात तसं, पुन्हा एकदा दाखवा म्हणत होता. काम चालू असताना ती एरवी फोन घेत नसे. त्या दिवशी का घेतला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, सर्दीने चोंदलेला. संरक्षित नदीमुखाच्या कार्यालयातून बोलतेय, असं म्हणून तिने वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. ते नाव कुणी असं मोठ्याने उच्चारलेलं तिने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी तिला वाटलं, राँग नंबर असणार. "त्यांची होडी सापडली आहे," मुलगी म्हणाली. "काही वर्षांपासून वाळूचा दांडा सरकतोय, त्याखाली होती; यंदाच्या वादळानंतर दिसली. नोंदणीचा पत्रा शाबूत आहे, त्यावरून शोधत आलो. तुम्ही त्यांच्या कोण?" मुलगी, असं ती म्हणाली, आणि तो शब्द आपल्या तोंडात विचित्र वाटतोय असं तिला वाटलं, दुसऱ्याचा चमचा तोंडात घातल्यासारखा. मग तिने विचारलं, आत कोणी. माणूस सापडला नाही, पलीकडची मुलगी म्हणाली. आम्ही पाहिलं, आजूबाजूलाही पाहिलं. फोन ठेवून ती शिंप्याकडे वळली. मघाची काच काढून ठेवली होती की तशीच होती, तिला आठवेना. तिने हातातली काच खोबणीत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा तीच सरकवली आणि विचारलं, आता? "हे पुष्कळ बरं," शिंपी खूश होऊन म्हणाला. काच बदललीच नव्हती.

वडील गेले होते. म्हणजे वारले नव्हते, गेले होते. लोक वारलेल्या माणसालाही गेला म्हणतात, म्हणून कुणाचा गैरसमज होऊ नये यासाठी आई नेहमी "निघून गेला" असं म्हणायची आणि "निघून" वर जरा जोर द्यायची. नवीन शेजारणी डोळ्यांत दया आणून विचारायला आल्या, की तो जोर ऐकून त्यांची दया कुठल्या कुठे पळायची आणि तिच्या जागी उत्सुकता यायची. आईला दयेपेक्षा उत्सुकता परवडायची. घरात मोजा हरवला, की गेला बापाकडे. छत्री बसमध्ये राहिली, की गेली बापाकडे. लहानपणी तिच्या मनात अशी एक खोली होती, कुठल्या तरी दूरच्या बंदरात, जिथे वडील जगातल्या सगळ्या हरवलेल्या मोज्यांच्या आणि छत्र्यांच्या मध्ये बसून चहा पीत आहेत. त्या खोलीत हळूहळू दुसरी एक बाई आली, मग दुसरी मुलं आली. त्या मुलांचा तिने फार द्वेष केला. त्यातल्या मोठीला तिने स्वतःपेक्षा सुंदर केस दिले होते आणि मग त्या केसांबद्दल वेगळा द्वेष केला. आता दुपारच्या उन्हात दुकानाचं शटर अर्धं ओढून ती पायरीवर उभी राहिली आणि तिला कळेना, की त्या मुलांचं काय करायचं. ती कधी नव्हतीच, असं समजायचं का? की होती, आणि होडी तेवढी इथे राहिली?

कारण त्या दिवसांत सगळ्यांनी नीट शोध घेतला होता. ते राहत होते ती वस्ती नदीच्या तोंडाशी होती, जिथे नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे दिवसातून दोनदा बदलायचं. वडील कालवं काढायचे, मासे धरायचे, कुणाला पलीकडे जायचं असलं तर पोचवायचे. ते सकाळी गेले ते रात्री आले नाहीत. धुकं होतं. दुसऱ्या दिवशी धुकं उठल्यावर माणसं होड्या घेऊन गेली, मामाही गेला. काही सापडलं नाही, फळीसुद्धा नाही. मग धक्क्यावरचा चहावाला म्हणाला, मी त्याला पाहिलं, पिशवी घेऊन बसमध्ये चढताना पाहिलं. आणि सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. हे तिला आठवत होतं, माणसांचे खांदे कसे खाली आले ते. बुडालेल्या माणसासाठी आणखी किती दिवस पाणी ढवळायचं हा प्रश्न सुटला. होडी? विकली असेल पलीकडच्या काठाला, म्हणाले. आईने घरात जाऊन खुंटी बघितली. पिशवी नव्हती. त्याच्या आदल्या रात्री दोघांचं भांडण झालं होतं. आईला शहरात जायचं होतं, मुलांना शाळा हवी होती, आणि वडील म्हणत होते, मला तिथे श्वास यायचा नाही. मग आई म्हणाली होती, राहा तर तुझ्या चिखलात. हे वाक्य तिने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आईला ते तिने ऐकल्याचं माहीत नव्हतं, की होतं, हेही तिला माहीत नव्हतं. त्यानंतर आई दोघा मुलांना घेऊन शहरात आली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली, आणि आयुष्यभर चादरी इस्त्री करताना त्या माणसाला शिव्या देत राहिली. शिव्या देणाऱ्या बाईचा हात कधी थरथरत नाही. चादरी फार सरळ निघायच्या.

घरी जाताना ती बसमध्ये न चढता चालत निघाली. रस्त्यात नेहमीसारखी गर्दी होती आणि नेहमीसारखंच तिचे डोळे त्या गर्दीतल्या पोक काढून चालणाऱ्या माणसांवरून फिरत होते. ही तिची जुनी खोड. वडील जरा वाकून चालायचे, डाव्या खांद्यावर वजन असल्यासारखे. कॉलेजात असताना एकदा तसा एक माणूस दिसला म्हणून ती बाजारभर त्याच्या मागे गेली होती, तो जोड्यांच्या दुकानात शिरला तर तीही शिरली, आणि तो बूट घालून बघायला वाकला तेव्हा तिने चेहरा पाहिला. तो कुणीतरी वेगळाच, भल्या चेहऱ्याचा माणूस होता. दुकानदार काय हवंय म्हणाला तर तिने नको असताना चपला घेतल्या. वडील भेटले तर म्हणायचं एक वाक्य तिने तयार ठेवलं होतं. ते वाक्य वयाप्रमाणे बदलत गेलं होतं. आधी ते लांब आणि रडकं होतं, मग कडक झालं, मग छोटं झालं, आणि अलीकडे तर ते फक्त "ओळखलंत का?" एवढंच उरलं होतं. त्यात तिला वाटायचं, सगळं येतं. आज चालता चालता ते तिने मनात म्हणून बघितलं तर समोर कोणी नव्हतं. इतकी वर्षं तिने त्यांना म्हातारं होऊ दिलं होतं. स्वतःचे केस पिकले तसे त्यांचेही पिकवले होते, दात पाडले होते, त्यांना खोकला दिला होता. आणि आता, जर ते तिथेच राहिले असतील, तर ते एक तरुण होते. तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. दुकानात काचा घासायला असतो त्या पोरापेक्षा थोडे मोठे. रस्त्याच्या मध्यात ती थांबली आणि मागून येणारा एकजण तिच्यावर आदळता आदळता राहिला. आपण वडिलांपेक्षा मोठ्या आहोत, हे तिला समजत होतं आणि समजत नव्हतं. एवढ्या तरुण माणसावर रागावणं बरं दिसत नाही. पण मग तो राग ज्याच्यावर होता तो कोण होता?

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला अडकलेल्या वस्तूंची सवय होती. तिने सांगितल्यावर त्याने हातातली पावाची सुरी खाली ठेवली, तिच्याजवळ येऊन बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, काढता येईल. दोर आणि कप्पी लावून, काठावर ट्रक आणता आला तर एका दिवसाचं काम. तो प्रेमानेच म्हणत होता, पण तिला इतका राग आला की ती उठून उगाचच कपडे आवरू लागली. तो आपला गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यावरच तिने त्याच्याशी लग्न केलं होतं, तेही उशिराने. त्याआधी जे जे कोणी आले त्यांना ती इतक्या वेळा, तू जाणार नाहीस ना, असं न विचारता विचारायची की ते कंटाळून खरंच जायचे. मग ती मनात म्हणायची, बघ. हेही सगळं आता कुठे ठेवायचं? परदेशात असलेल्या भावाला फोन केला तर तो आधी हं म्हणाला, मग म्हणाला, मला तर त्यांचा चेहराही आठवत नाही गं, तुला जे वाटेल ते कर. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, आईला सांगू नकोस, एवढं आयुष्य काढलं तिने त्याच्यावर. "त्याच्यावर" या शब्दाशी ती बराच वेळ अडून राहिली. लोक पेन्शनवर आयुष्य काढतात.

तिच्याकडे त्या शेवटच्या सकाळची एकच गोष्ट होती. ती आणि भाऊ झोपायचे त्या खोलीत वडील आले होते. उजाडलं नव्हतं, पण खिडकी करडी झाली होती. त्यांनी भावाच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण वर ओढलं, तिच्याकडे बघितलं, तिने डोळे मिटून घेतले, आणि मग त्यांनी दार इतकं हळू लावलं की कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती कडी त्यांनी बोटाने धरून खाली सोडली. एवढंच. या कडीवर तिचं सगळं उभं होतं. चोर लावतो तसं दार लावलं, असं ती समजून होती. ज्याला परत यायचंय तो असं दार लावत नाही. जाणारा माणूसच एवढी काळजी घेतो. मोठेपणी नवरा सकाळी कामावर जाताना दार आपटायचा, आणि लिफ्टवाला असून दार धडपणे लावता येत नाही म्हणून ती हसायची, पण आत तिला त्या आपटण्याचा आधार वाटायचा. आता ती स्वतःच्या पलंगावर पडून त्या कडीकडे परत परत जात होती. रोजच तसं लावायचे का? तिला आठवेना. बाकी सगळ्या सकाळी ती झोपलेली असायची. तिच्याजवळ सकाळ एकच होती, तिच्याशी ताडून बघायला दुसरी नव्हती. कदाचित मुलं उठू नयेत म्हणून कामावर जाणारा एक माणूस रोज कडी बोटाने धरून सोडायचा. आईला विचारता आलं असतं. पण आईला काय विचारायचं, बाबा दार कसं लावायचे?

शेवटी तिने आईला सांगितलं, ठरवून नव्हे. आई त्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहायची, कारण तिला कुणाकडे राहायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांत औषध घालायला ती रोज जात असे. आई खुर्चीत मान मागे टाकून, डोळे ताणून बसली होती, आणि थेंब पडायच्या आधी ती म्हणाली, बाबांची होडी सापडली. थेंब गालावर पडला. आईने तो पुसला नाही. "कुठली होडी?" आई छताकडे बघतच म्हणाली. मग म्हणाली, ती तर त्याने विकली होती. मग म्हणाली, दुसऱ्या डोळ्यात घाल. त्या दिवशी विषय तिथेच राहिला. नंतरच्या दिवसांत आईने एकाही हरवलेल्या वस्तूला बापाकडे पाठवलं नाही. भांड्याचं झाकण सापडेना तेव्हा ती तोंड उघडून थांबली आणि मग नुसती शोधत राहिली. आणि एका सुट्टीच्या सकाळी ती खाली गेली तर आई कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसलेली. "चल," आई म्हणाली. "बघून येऊ. लोकांची होडी उगाच आपल्या नावावर कशाला?"

आगगाडीने आणि मग बसने त्या गेल्या. खिडकीतून तिला काहीही ओळखीचं दिसेना. बस थांबली तिथे पूर्वी धक्का असायला हवा होता, पण तिथे गवत होतं, कमरेइतकं, खाऱ्या पाण्यात वाढणारं, आणि त्या गवतात एक लाकडी कार्यालय खांबांवर उभं होतं. फोनवरची अधिकारी मुलगी खाली उतरून आली. तिचं नाक अजून लाल होतं, पायात मांडीपर्यंत रबरी बूट. तिने आईला आजी म्हटलं, लेकीला ताई म्हटलं, दोघींसाठी बूट काढून ठेवले होते. भिंतीवरच्या नकाशात नदीचं तोंड निरनिराळ्या रंगांनी रंगवलेलं होतं. हा गाळाचा अधिवास, हा खाऱ्या गवताचा, हा कालवांच्या थरांचा, हे पाण्याखालचं गवत, त्यात माशांची पिल्लं वाढतात, असं मुलगी दाखवत होती. अधिवास हा शब्द आईने मनाशी म्हणून बघितलेला तिला ओठांवरून दिसला. वस्ती कुठे होती, असं तिने विचारलं. नदीमुख संरक्षित झालं तेव्हा उरलेली घरं उठवली, मुलगी जराशी ओशाळून म्हणाली, आणि नकाशावर बोट ठेवलं. ते बोट पाण्यावर होतं. नदीने तोंड बदललंय, म्हणाली, दर वर्षी थोडं बदलतं, आम्ही नकाशा पुन्हा काढतो. तिला आठवत होतं ते बेट उजवीकडे होतं, ते आता डावीकडे होतं. की तेव्हाही डावीकडेच होतं, आणि ती उलटं तोंड करून बसायची?

सपाट तळाच्या होडीतून मुलगी त्यांना घेऊन निघाली. ओहोटी सरत आली होती. पाणी उतरत होतं तसे दोन्ही बाजूंना गाळाचे उतार उघडे पडत होते, ओले, चकचकीत, आणि त्यांतून बारीक बारीक असा एक आवाज येत होता, पुष्कळ लहान तोंडं एकाच वेळी उघडल्यासारखा. वास आला. तो मात्र ओळखीचा होता, इतका की तिला वाटलं आपण तो विसरलो नव्हतो, आपण फक्त त्याच्या बाहेर राहत होतो. वडिलांच्या मानेला हा वास यायचा. लांब चोचीच्या पक्ष्यांचा एक थवा गाळावर चालत होता, सगळे एकाच दिशेला तोंड करून, रांगेत उभी असलेली माणसं असतात तसे गंभीर. ते फार लांबून येतात, मुलगी हळू आवाजात म्हणाली. महिनाभर इथे खातात आणि पुढे जातात. म्हणून माणसांना इथे बंदी. तुम्ही नातेवाईक म्हणून आत आलात. होडीवर तुमचा हक्क आहे. तुम्ही हो म्हणालात तर इथले दुसरे पक्षी घरटी करायच्या आत ती काढावी लागेल, मशीन आणून. नाही म्हणालात तर ती इथलीच. हे ती नियम सांगावा तसं सांगत होती, पण तिला काय हवंय ते तिच्या बोलण्यातून कळत होतं, आणि ते ती लपवायचा प्रयत्न करत होती हेही कळत होतं. आई पाण्याकडे बघत नव्हती. पर्स घट्ट धरून ती समोरच्या फळीवरच्या खिळ्याकडे बघत बसली होती.

होडी एका वळणाच्या आतल्या अंगाला पडली होती, एका कुशीवर कललेली. ती एवढीशी असेल असं तिला वाटलं नव्हतं. आठवणीत ती घराएवढी होती. वरच्या अंगाला कालवांचे थर चढले होते, त्यांच्या कडा चाकूसारख्या, आणि फळ्यांच्या आत एक डबकं साचून राहिलं होतं ज्यात नखाएवढे मासे एकदम वळायचे आणि थांबायचे. आडोशाच्या बाजूला हिरवं गवत पाण्यात आडवं पडलं होतं, केस विंचरल्यासारखं. गाळाखाली होता तेवढा भाग काळा आणि गुळगुळीत राहिला होता. गाळात हवा जात नाही, लाकूड कुजत नाही, असं मुलगी म्हणाली. मग आईकडे एक नजर टाकून, लेकीकडे वाकत, खालच्या आवाजात म्हणाली, "नांगर टाकलेला होता, ताई. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पुरलेला सापडला. म्हणजे ते थांबले होते. कुठे जात नव्हते." थांबले होते. हे शब्द तिने घेतले आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. धुक्यात दिसेना म्हणून नांगर टाकून, धुकं उठायची वाट बघत बसलेला एक तरुण माणूस तिला दिसला, शेजारी पिशवी, पिशवीत दुपारचं खाणं. आणि लगेच तिला दुसरंही दिसलं. नांगर टाकून माणूस दुसऱ्याच्या होडीत चढू शकतो, काठावर उतरू शकतो, बस पकडू शकतो. चहावाल्याने पाहिलं होतं. चहावाल्याने खरंच पाहिलं होतं? की शोधून दमलेल्या माणसांना बघून तोही काहीतरी म्हणाला? ती गाळात उतरली. उतरताच पाय आपोआप पसरट पडले, एका जागी न थांबता, टाच न रुतवता. असं चालायला कुणी शिकवलं होतं हे पायांना माहीत होतं आणि त्यांना त्याबद्दल काहीच शंका नव्हती.

ती नाळेशी, होडीच्या पुढच्या टोकाशी, गेली. तिथल्या आडव्या फळीच्या खालच्या कडेला, बाहेरून दिसणार नाहीत अशा, बोटांसाठी कोरलेल्या खोबणी होत्या. तिने बघितल्या नाहीत, हातच तिथे गेला. होडी कलली की ती पडू नये म्हणून वडिलांनी चाकूने त्या तिच्यासाठी कोरल्या होत्या, तिची बोटं तिथे ठेवून, मोजून, आणि आईने तेव्हा काठावरून ओरडून सांगितलं होतं, पोरीची बोटं कापशील. आता खोबणीत तिच्या बोटांची टोकंच तेवढी शिरली. लाकूड थंड होतं आणि आतून बुळबुळीत. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते काहीतरी भलतंच, लाज वाटावी तसं, कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं. तिने मान वर केली. आईला मुलीने हात देऊन उतरवलं होतं. आई घोट्यापर्यंत गाळात, कोट दोन्ही हातांनी उचलून धरून उभी होती आणि बघत होती, होडीकडे नव्हे, तिच्या हाताकडे. तो हात कुठे आहे, फळीखाली काय करतोय, हे ती बघत होती. डबक्यातले मासे वळले.

"ही त्याची नव्हे," आई म्हणाली.

मुलगी गोंधळली. तिने पत्र्यावरच्या नोंदणीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मग थांबून, तुम्ही सांगा, अशा अर्थाने तिच्याकडे बघितलं. तिची बोटं अजून खोबणीतच होती. आईला दिसलं नसेल का? डोळ्यांत सारखं औषध घालावं लागतं, लांबचं धूसर दिसतं, ते तिनेच तर तपासलं होतं. पण तिने हेही तपासलं होतं की एवढ्या अंतरावरचं आईला चांगलं दिसतं. मग आई कुणासाठी नाही म्हणत होती? स्वतःसाठी, म्हणजे इतक्या वर्षांच्या शिव्या फुकट जाऊ नयेत म्हणून, आणि त्या रात्रीचं चिखलाचं वाक्य वर येऊ नये म्हणून? की लेकीसाठी, तिला अजून कुठेतरी एक जिवंत बाप असावा म्हणून? तिला एकदम वाटलं, आईचा हात धरून या फळीखाली आणावा, बोटं खोबणीत घालायला लावावीत, बघ म्हणावं, कोणाची आहे ते आता सांग. ती तसं करू शकली असती. आई तीन पावलांवर होती. आणि मग आईच्या चेहऱ्यावर तिने असं काही पाहिलं जे तिने त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ती विनवणी होती का, तेही तिला नक्की सांगता आलं नसतं. तिने हात काढून घेतला आणि कोटाला पुसला.

"नाही," ती मुलीला म्हणाली. "आमची नाही. आई म्हणते तेच बरोबर. पत्रा कुठून तरी वाहून आला असेल."

खिळ्यांनी ठोकलेला पत्रा वाहून येत नाही हे तिघींनाही माहीत होतं. मुलीने नाक ओढलं, दोघींकडे आळीपाळीने बघितलं, आणि फक्त, बरं, म्हणाली. मग जरा वेळाने, मग राहू दे तिला इथेच, असं म्हणाली, आणि तिने ते होडीबद्दल बोलावं त्यापेक्षा जास्त मऊ आवाजात म्हटलं. परत निघाल्या तेव्हा पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. तिने एकदाच मागे बघितलं. कडेची कालवं पाण्याखाली गेली होती आणि होडी होती की नुसता उंचवटा होता ते सांगता येत नव्हतं. खरं बोललो की खोटं, तिला कळेना. आमची नाही, हे तर आता खरंच झालं होतं, म्हटल्याबरोबर. आणि वडील? त्यांच्याबद्दल आपण काय ठरवलं? काहीच ठरलं नव्हतं. ती आत चाचपून बघत होती तर रागाच्या जागी राग नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरंही काही येऊन बसलं नव्हतं. भरती येईपर्यंत उघडा असतो तसा तो सगळा भाग नुसता उघडा होता. आई तिच्या समोर बसली होती. बुटांवरचा गाळ वाळायला लागला होता, आणि आई तो नखाने काढत नव्हती, एरवी तिने लगेच काढला असता. बऱ्याच वेळाने आईने मान वळवली आणि तिच्याशी नव्हे, वल्ही मारणाऱ्या मुलीशी बोलली, एखाद्या अनोळखी घराची चौकशी करावी तसं.

"थंडीत इथे फार गार होत असेल ना गं?"

मुलीने वल्हं थांबवलं. तिने लेकीकडे बघितलं नाही, आईकडेच बघितलं.

"वर होतं, आजी," ती म्हणाली. "पाणी गोठायलाही येतं कधी. पण खाली गाळात तेवढं होत नाही. थंडी पडली की इथले सगळे जीव खाली जातात. आत ऊब असते."

आईने पर्स उघडली, रुमाल काढला, पण तो वापरला नाही, नुसता घडी घालून मांडीवर ठेवला आणि त्याच्या चारी कडा हाताने सरळ केल्या.

"बरं," आई म्हणाली.